लिहायचा हात

मारामारी करायच्या आधी कुणी नाचतं का? नाही, तुम्हीच सांगा. टीव्हीवर दोन टोळ्या समोरासमोर आल्या, आता डोकी फुटणार म्हणून आमच्या हॉलमधली सगळी पोरं पुढं सरकून बसली, आणि ती टीव्हीवरची दांडगी पोरं चुटक्या वाजवत, पाय उडवत नाचायलाच लागली. हॉलमध्ये असा हशा पिकला की इंग्रजीच्या सरांचं तोंड एवढंसं झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हाणा की! नाचून काय राहिलाव?"

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये सरांनी हा सिनेमा आणला होता. जुना, इंग्रजी, गाण्यांनी भरलेला. मोठ्या शहरातल्या एका मोहल्ल्यात दोन टोळ्या, एक तिथल्यांची, एक बाहेरून आलेल्यांची, आणि त्यांच्यात हाडवैर. त्यात इकडच्या पोराचं तिकडच्या पोरीवर मन बसतं. सरांचं म्हणणं असं की बारावीच्या पोरांच्या कानावर इंग्रजी पडलं पाहिजे. सर भला माणूस. कुठल्या पोरांना काय दाखवून राहिलोय, याचा त्यांनी जरा तरी विचार करायला पाहिजे होता.

मी मुरुडकडच्या एका गावची. घर शेतकऱ्याचं, जमीन बरी, माणसं कडक. भूकंपात आमचं गाव पडलं नाही, पण घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसलं की डोक्यातला मेंदू शिजायचा. त्याच वर्षांत लातूरला क्लासचं पेव फुटलं. ज्याच्या त्याच्या तोंडी लातूर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लातुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथं दादाला आणि मला ठेवलं. स्वयंपाकाला आणि राखणीला आत्या. दादा माझ्याहून मोठा, पण बारावीत एकदा आपटलेला, म्हणून आम्ही दोघं एकाच वर्षी परीक्षेला बसणार होतो. त्याला अण्णांनी बसवलं होतं. मला बसायचं होतं. मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि क्लासच्या परीक्षेत जीवशास्त्रात माझ्यापुढं कुणी जात नव्हतं. हे मी घरात मोठ्यानं बोलत नव्हते, एवढंच.

क्लासमध्ये पोरांचे दोन तट होते. एक नांदेडहून आलेल्या पोरांचा. मास्तरांची, वकिलांची, हापिसातल्या साहेबांची पोरं. बोलणं स्वच्छ, शर्टाला इस्त्री, बसणार पहिल्या बाकावर. दुसरा तट आमच्या भागातल्या जमीनवाल्यांच्या पोरांचा, तो मागच्या बाकांवर. त्याचा पुढारी आमचा दादा. ते आमच्या पोरांना ढेकळं म्हणायचे, आमची पोरं त्यांना वरणभात म्हणायची. जातीचं नाव कुणी तोंडानं घेत नव्हतं. पण ढेकूळ म्हणलं की काय म्हणलंय ते ज्याला त्याला बरोबर कळायचं.

तर सिनेमा. टीव्हीवर चाकू निघाले, आणि पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बघा, मागचे पाव्हणे आले." बस्स. मागून खुर्ची उडाली. मग काय विचारता! टीव्हीवर नाचून मारत होते, इथं नाच नव्हता. इथं एकानं दुसऱ्याचे केस धरून तोंड बाकाच्या कडेवर आपटलं आणि दात मुळासकट माझ्या पायाशी येऊन पडला. कुणी ट्यूबलाइट फोडून तिचा तुकडा हातात घेतला, त्याचाच हात कापला, आणि तो आपल्याच रक्ताकडं बघून बोंब मारायला लागला. पोरी भिंतीला चिकटून किंचाळत होत्या. माझ्या पायावर कुणीतरी बुटानिशी उभा राहिला. माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावरच असतो, आजही असतो. मी चप्पल काढली आणि समोर जो आला त्याच्या थोबाडात ठेवून दिली.

"अहो, मी भांडत नाहीये!" तो म्हणाला. व्हीसीआर छातीशी धरून तो बिचारा हॉलच्या मधोमध उभा होता, आणि गालावर माझ्या चपलेचा ठसा. नांदेडचा. सरांचं ते यंत्र लावायचं काम त्याच्याकडं असायचं.

"मग मधी कशाला उभारलाव?" मी म्हणाले.

"यंत्र सरांचं आहे हो. फुटलं तर?"

बाई गं! डोकी फुटून राहिली होती आणि ह्याला यंत्राची पडली होती. मला त्या गदारोळात हसू फुटलं. त्याला पण. आमचं जे काही झालं ते तिथून झालं, गाणं नाही की बिणं नाही.

पुढं तो वाचनालयात भेटला की पहिलं विचारायचा, "आज चप्पल घरी ठेवून आलात ना?" दोन-चार आठवड्यांत अहो-जाहो गळून पडलं. तो मला भौतिकशास्त्र समजावून द्यायचा, मी त्याला जीवशास्त्र. माणूस गणितात वाघ, पण बेडकाच्या पोटात काय कुठं असतं ते सांगता सांगता मी बेजार व्हायचे. तो डाव्या हातानं लिहायचा. मनगट वाकडं करून, ओळीवरून हात फिरवत, त्यामुळं तळव्याची कड कायम शाईनं निळी. त्याचे वडील मास्तर, आई पण शाळेत शिकवणारी. तिनं लिहायला डावा हात चालवून घेतला, पण लहानपणी ताटात डावा हात घातला की उलथन्याचा चटका. म्हणून जेवण उजव्यानं, नमस्कार उजव्यानं, क्रिकेटचा चेंडूसुद्धा उजव्यानं. फक्त पेन डाव्यात. "आईनं देवाला उजवा दिला, बोर्डाला डावा," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मला तो आवडत होता, लई आवडत होता. त्याच्यासमोर बसलं की मी शेडमधली, ढेकळातली, दादाची बहीण कुणीच राहत नव्हते. पेपरात काय येईल याच्यावर भांडणारी एक पोरगी राहायची.

त्या राड्यात सिनेमा अर्धाच राहिला होता. त्या पोरीचं पुढं काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. तो म्हणाला, "हॉलची किल्ली माझ्याकडंच असते. रविवारी दुपारी क्लास नाही. बघू की." संक्रांत होऊन गेली होती, परीक्षा तोंडावर आलेली. मी आत्याला मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते म्हणाले आणि गेले.

हॉल वरच्या मजल्यावर, खाली सिमेंट-लोखंडाचं दुकान. भूकंपानंतर जिकडंतिकडं बांधकामं निघाली होती, त्यामुळं त्या दुकानाला रविवारसुद्धा नव्हता. आम्ही दार लोटून, आवाज बारीक करून बसलो होतो. मध्ये हातभर अंतर, खोटं कशाला सांगू, नंतर वीतभर. तेवढ्यात खाली ट्रकमधून सळयांचा अख्खा भारा एकदम सोडला. धडाड! जमीन हादरली, खिडकीची तावदानं वाजली, टीव्ही टेबलावर थरथरला.

त्या वर्षांत आमच्याकडच्या माणसाला विचार करायला लागत नव्हता. कानाच्या आधी पाय उठायचे. न्हाणीतला माणूस टॉवेलवर रस्त्यावर यायचा, बाया तव्यावरची भाकर सोडून लेकरू काखेत मारून पळायच्या. आम्ही पण तसेच उठलो. त्यानं माझा हात धरला, मी त्याचा धरला, आणि जिना उतरून आम्ही भर रस्त्यात. सगळी गल्ली बाहेर आलेली. ट्रकवाला वरून ओरडून राहिला होता, "अहो, सळया हायत, सळया!" लोक हसायला लागले, एकमेकाला शिव्या द्यायला लागले, एक म्हातारी ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायला लागली. आम्ही दोघंही हसत होतो. आणि समोरच्या सलूनच्या दारात दादा उभा होता. एक गाल साफ, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस, गळ्यात न्हाव्याचं फडकं. तो आमच्या हातांकडं बघत होता.

आत बसून राहिलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या वर्षी लातुरात बसून कोण राहिलं असतं?

तो सिनेमा मी पुढं लग्न झाल्यावर टीव्हीवर पुरा बघितला, शेंगा सोलत. शेवटाला ती पोरगी दोन्ही टोळ्यांना तोंडावर फाडफाड बोलते आणि ते सगळे दांडगे माना खाली घालून ऐकून घेतात. मी सोलायची थांबले आणि मोठ्यानं हसले. ऐकून घेतात म्हणे!

दादानं मला वेणीला धरून घरापर्यंत नेलं. वाटेत गल्लीतली माणसं उभी होती, ती बाजूला सरून वाट देत गेली. घरात आत्यानं दार लावलं आणि पोळपाटावरचं लाटणं उचललं. आत्या मला जीव लावायची, माझे केस तिनंच विंचरलेले. पण त्या दिवशी ती मारायची आणि रडायची, मारायची आणि रडायची. "रांडे, इज्जत घालवलीस गं! वरणभातवाल्याच्या हातात हात! आता कोण करून घेईल तुला?" माझी पाठ, पोटऱ्या, कोपरं, काही सोडलं नाही. ती दमली तेव्हा दादानं कमरेचा पट्टा काढला. बकल लागून माझी भुवई फुटली, तो व्रण अजून हाय. मी ओरडले नाही. दात खाऊन बसले. त्याचा त्याला आणखी राग आला.

बाहेर आठवडाभर युद्ध चाललं होतं. नांदेडच्या पोरांना मेसमध्ये गाठून मारलं. त्यांनी आमच्यातल्या एकाला नळावर धरलं, सायकलच्या चेननं त्याचं कानशील उघडं केलं. आमच्या लोकांनी त्यांच्या खोलीची कडी बाहेरून लावून खिडकीतून दगड घातले. स्टंपा, चेनी, हॉकीच्या काठ्या. जी पोरं सकाळी जैवरसायन पाठ करायची तीच दुपारी एकमेकांच्या बरगड्या मोजायची. घरमालक पोरांचं सामान रस्त्यावर फेकून द्यायला लागले. तेव्हा नांदेडवाले आपल्या पोरांना येऊन घेऊन गेले. तो पण गेला.

मी स्वयंपाकखोलीत होते, भाकरीचं पीठ मळत. बाहेरच्या खोलीत दादा आणि त्याचे चार दोस्त जेवायला बसलेले.

"तंगडी तोडू," एक म्हणाला.

"तंगडीनं काय व्हतंय?" दादा म्हणाला. "तंगडी मोडून पेपर देता येतो. जीव घ्यायचा न्हाई, बारावी घ्यायची. उजवा हात मोडायचा. वर्ष बसलं, फी बुडाली, मास्तर बाप बसतोय कपाळ बडवत."

सगळ्यांना ते लई पटलं. क्लासच्या गावात याच्याहून मोठी शिक्षा नव्हतीच. माझे हात परातीत थांबले. उजवा! हे मागच्या बाकावरचे गडी, त्यांनी त्याला लिहिताना कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी त्याला बघितलं होतं मेसमध्ये, उजव्या हातानं पोळी तोडताना, आणि मैदानावर उजव्यानं चेंडू टाकताना. आत्या म्हणाली, "हात चालीव," आणि मी पुन्हा मळायला लागले.

तो घराबाहेर पडत नव्हता, म्हणून त्यांना मी हवी होते. एका सकाळी दादानं मला जीपमध्ये घातलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. नांदेडला बसस्टँडजवळच्या एसटीडीवर दादानं नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या तोंडाशी धरला. "म्हण, मी आलेय, भेट. एवढंच."

त्याचा आवाज आला. मी म्हणाले, "येऊ नको. कायबी झालं तरी येऊ नको, हे लोक..." दादानं अशी चपराक दिली की माझं डोकं काचेवर आपटलं. रिसीव्हर लोंबकळत राहिला आणि त्यातून त्याचा आवाज येत होता, "कुठं आहेस? कुठं आहेस तू?" दादानं वाकून, गोड आवाजात, बूथवाल्याच्या थाटात सांगितलं, "बसस्टँडच्या मागं, पोरीला लागलंय बगा, लवकर या."

आणि तो आला. सायकलवर, एकटा, पायात चपलासुद्धा नाहीत. वेडा! त्याला बघून मला एवढं रडू आलं आणि एवढा राग आला की मीच त्याला मारलं असतं.

त्याला जीपमध्ये कोंबून गोदावरीच्या काठाला वीटभट्ट्यांकडं नेलं. भर दुपार, लांबवर बाया विटा वाहत होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि पाठी फिरवल्या. त्याला मातीत पालथा पाडला. एक मानेवर बसला, दोघं पायांवर. तो धडपडला, त्याच्या नाकातोंडात माती गेली. दादानं जीपमधून जॅकचा दांडा आणला आणि म्हणाला, "हात काढा त्याचा."

चौथा पोरगा हात ओढायला वाकला. कुठला हात काढतो, माझा जीव तिथं. त्याचा डावा अंगाखाली अडकला होता, तो त्यानं पोटाशी दाबून धरला होता, उजव्यानं माती खरवडत होता. मला काय सुचलं, कुणी सुचवलं, ठाऊक नाही. मी दादाच्या पायांवर लोळण घेतली.

"दादा, उजवा नको रे! पाया पडते, उजवा नको! त्याला पेपर लिहायचाय, काय पायजे ते मोड, त्याचा उजवा तेवढा ठेव!"

दादानं मला लाथेनं बाजूला केलं. "बघा," तो दोस्तांना म्हणाला, "कसं बरोबर ठिकाणी लागलं." आणि दांडा खाली आणला.

तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो असा ओरडला की भट्टीवरचे पक्षी उडाले. दादानं पुन्हा मारलं, मनगटावर, मग बोटांवर. बोटं बोटांसारखी राहिली नाहीत. मी माती मुठीत धरून "उजवा नको, उजवा नको" ओरडत राहिले, घसा फुटेपर्यंत. शुद्ध जायच्या आधी त्यानं तोंड वळवून माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं मी काय करून राहिले. मी आजवर बोललेलं ते सगळ्यात मोठं खोटं, आणि त्याचा मला अभिमान हाय.

नांदेडची पोरं गप्प बसणार होती होय? चार दिवसांत ती लातूरला आली. दादा दोस्तांच्या मेसमध्ये जेवत होता. त्यांनी त्याला ताटावरून उचललाच नाही, तिथंच टेबलावर त्याचा उजवा हात दाबून धरला आणि मेसच्याच वरवंट्यानं ठेचला. हाताला हात. दादा काही डावरा नव्हता. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याच्या नखांत अजून वरणाचं पिवळं होतं, आणि तो लहान लेकरासारखा आईला हाका मारत होता. मला त्याची दया आली. आली म्हणून मला माझाच राग आला.

पोलिसांत दोन्हीकडून कागद झाले. मग मोठी माणसं जागी झाली. सरांच्या हॉलमध्ये बैठक बसली, दुरुस्त केलेल्या त्याच खुर्च्यांवर. आमच्याकडून अण्णा, फेटा मांडीवर ठेवून. त्यांच्याकडून त्याचे वडील, चष्मा पुसत. मध्ये सर. दादा गळ्यात हात बांधून, तो गळ्यात हात बांधून. मी आणि आत्या दाराशी, चहाचे कप घेऊन.

"गुरुजी, पोरं हायत. रगत गरम असतंय," अण्णा म्हणाले. "केस मागं घ्या, आम्ही बी घेतो. वर्ष जाऊ नये लेकरांचं."

"आमचीही तीच इच्छा आहे," त्याचे वडील म्हणाले. "झालं ते वाईट झालं. देवाची कृपा एवढीच, आमचा डावखुरा आहे. लिहायचा हात वाचला."

दादानं मान वर केली. आधी त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या डाव्या हाताकडं, मग सावकाश माझ्याकडं.

"तुला ठाव होतं?"

"हाव," मी म्हणाले.

"आन वरडत होतीस, उजवा नको, उजवा नको?"

"हाव."

तो खुर्ची पाडून उठला. "डावा अजून हाय त्याचा!" सरांनी त्याला मिठी मारली, अण्णांनी त्याच्या तोंडात मारली, माझ्या हातातले कप फुटले. त्याला दाबून खाली बसवलं. या सगळ्यात तो, ज्याच्यासाठी मी मातीत लोळले होते, तो जमिनीकडं बघत बसला होता. एकदा वर बघ की रे! एकदा! वडलांच्या शेजारी बसून त्यानं माझ्याकडं डोळा उचलून बघितलं नाही, ना तेव्हा ना नंतर. परीक्षा दिली, इंजिनिअर झाला, पुण्याला गेला असं कानावर आलं. भला होता. भित्रा होता. दोन्ही.

ठरलं ते असं. केसा मागं घ्यायच्या, तो नांदेडला परीक्षा देईल, दादा लातूरला. पण दादा लिहिणार कशानं? सर म्हणाले, "बोर्ड लेखनिक देतं. उमेदवार सांगेल ते तो लिहितो. फक्त लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. अकरावीचा कुणी हुशार बघा."

अण्णांनी दाराकडं बघितलं. "आमची ही हुशार हाय की. हिनं बारावी दिलीच न्हाई, तर हिला अकरावी पासच धरतील ना?"

सगळ्यांना ते बेस वाटलं. सरांना पण. त्याच्या वडलांनी पण मान हलवली. शिकलेला माणूस!

"आन माझी बारावी?" मी विचारलं.

फुटलेला कप बोलावा तसं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "गप." अण्णा म्हणाले, "तुला आता काय करायचीय बारावी? दिवाळीच्या आत उरकून टाकू तुझं." आणि ते पुन्हा गुरुजींकडं वळले. दोन पोरांच्या दोन हातांवर एवढं रक्त सांडलं होतं, एवढी माणसं धावली होती. माझं वर्ष घ्यायला कुणाला दांडा उचलावा लागला नाही.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली दिली. दादा, मी, आणि पर्यवेक्षक बाई. बाईंनी पहिल्याच दिवशी नियम वाचून दाखवला, उमेदवार तोंडानं सांगेल तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. मग त्या खिडकीशी बसून आपल्या कामाला लागल्या. दादानं प्रश्नपत्रिका माझ्याकडं सरकवली आणि निवांत मागं टेकला.

"लिही," तो हळूच म्हणाला.

"काय लिहू?"

"तुला येतंय ते लिही की."

"मला येतंय ते न्हाई लिहायचं, दादा. तू सांगशील ते. सांग."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याला कळलं मी चेष्टा करत नाहीये. त्यानं दात ओठ खाल्ले, पट्टा काढायला हात कमरेकडं गेला आणि प्लास्टर टेबलावर आपटलं. बाईंनी वर बघितलं. तो सांगायला लागला. चूक सांगितलं, मी चूक लिहिलं. अर्धं सांगितलं, मी अर्धं लिहिलं. वळणदार अक्षरात, समास सोडून. "मला न्हाई येत हे," तो एका प्रश्नाला म्हणाला. मी विचारलं, "हेच लिहू?"

प्रत्येक पेपर असाच गेला. घरी तो कुणाला काही सांगू शकत नव्हता. काय सांगणार, मला येत नव्हतं आणि बहिणीनं नक्कल दिली नाही?

जीवशास्त्राच्या पेपराला किडनीतल्या नेफ्रॉनचा प्रश्न आला, आकृतीसह. दादा खिडकीबाहेर बघत बसला. माझे हात शिवशिवायला लागले. बाई गं, काय सांगू! ते उत्तर माझ्या बोटांत होतं. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी मी पेन्सिल उचलली. आकृती काढली, मोठी, पानभर, एक रेघ डगमगली नाही. नावं दिली. शेजारच्या पानावर उत्तर लिहिलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, क्लासमध्ये लिहायचे तसं. दादा जवळ सरकला. त्याचे डोळे भरून आले. "लई बेस काढलीस," तो म्हणाला, "लई बेस." किती वर्षांनी तो माझ्याशी असा बोलला.

मी सगळं एकदा वाचून काढलं. एक नाव द्यायचं राहिलं होतं, ते दिलं. उत्तरात काही चूक नव्हतं. वर पानावर नंबर दादाचा होता.

मी पट्टी ठेवली आणि वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

"खोडू नको गं," दादा म्हणाला. "तुझ्या पाया पडतो, खोडू नको."

मी दुसरी रेघ मारली, आडवी, पहिलीवरून. पान उलटलं आणि पेन उघडलं.

"पुढचं सांग," मी म्हणाले.